टर्बोला काय पाजावं?

पुतण्यानं टर्बोचा नवा ट्रक घेतला आणि पंपावर जाऊन ऐटीत विचारलं, "ह्याला किती ऑक्टेनचं चालतंय?" पंपावरचं पोरगं नळी हातात धरून बघतच राहिलं. अहो, ट्रक डिझेलचा! ऑक्टेन म्हणजे ठिणगीआधी पेट न घेण्याचा संयम. ते पेट्रोलचं गोत्र. डिझेलला नुसत्या दाबानं चटकन पेटावं लागतं, म्हणून त्याचं गोत्र सीटेन, बीएस-६ डिझेलला किमान ५१. एक सोशिक, एक तापट. ही सोयरीक जुळायची नाही.

पण सल्ल्याला कुठं पासिंग लागतं? टपरीवर एकजण शंभर ऑक्टेनची शपथ घेतो. दुसऱ्याचा ट्रक तुळजापूरचा घाट चढताना धापा टाकतो, तर तो डिझेलला शिव्या घालतो. मागं पासिंगच्या दीडपट ऊस लादलाय, हा मुद्दा चहात बुडतो.

तसं ऑक्टेन आमच्या धाराशिवात शेतातच पिकतं म्हणा. उसाची मळी, मळीचं इथेनॉल, आणि त्याचं ऑक्टेन शंभराच्या वर! उन्हाळ्यात गावाला प्यायला टँकर, पण पेट्रोलला ताकद द्यायला आमचा ऊस. तो टँकरही डिझेलवरच येतो.

पुतण्याची टाकी भरली. पोरानं विचारलं, "दादा, युरिया टाकू का?" बीएस-६ ट्रकच्या धुरासाठी तो लागतो, हे पुतण्याला कुठं ठाऊक! तो दचकला, पेरणीला अजून दोन महिने होते.