एकांत हवा असणाऱ्यांसाठी शिकोकू-मार्गदर्शन

जपानमधल्या शिकोकू बेटाला पायी प्रदक्षिणा घालायची आणि वाटेतली ८८ देवळे करायची. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर, दिवस चाळीस ते पन्नास. घरच्या फोनांपासून आणि सोसायटीच्या मीटिंगांपासून दूर, महिनाभर कोणाशी चकार शब्द बोलायचा नाही, असा बेत करून जो निघतो त्याच्यासाठी या सूचना आहेत. नारुतोजवळचे पहिले देऊळ, ऱ्योझेनजी, गाठण्याआधीच त्या वाचाव्यात. नंतर उपयोग नाही.

पहिला घात पोशाख करतो. पांढरा अंगरखा, गवती टोपी आणि हातात काठी असली, की माणूस 'हेन्रो' म्हणजे यात्रेकरू ठरतो, आणि हेन्रोच्या हातावर काहीतरी ठेवणे हा शिकोकूच्या लोकांचा जुना परिपाठ आहे. त्याला ओसेत्ताई म्हणतात. कोणी आजीबाई सायकल थांबवून संत्री देतात, कोणी गोळ्या, कोणी चहासाठी सुटी नाणी. वारीच्या वाटेवरही चहा-केळी वाटतात, पण तिथे अख्खी दिंडी असते, देणाऱ्याची नजर वाटली जाते. इथे समोर एकटाच माणूस, त्यामुळे सगळी संत्री त्यालाच.

'नको, नको' म्हणत तिसऱ्या आग्रहाला घेण्याची मराठी पद्धत इथे आवरावी. ओसेत्ताई नाकारू नये असा संकेत आहे. देणाऱ्याच्या लेखी ती वस्तू घामेजलेल्या पाहुण्याला दिलेली नसतेच, ती ज्यांच्या नावाने ही यात्रा चालते त्या बौद्ध भिक्षू कोबो दाइशींना (इ.स. ७७४–८३५) पोचते. यात्रेकरू हा फक्त हमाल. पुढे चढ असेल तर संत्री पोटातून न्यावीत.

फुकट घेऊन सटकताही येत नाही. बदल्यात 'ओसामेफुदा' नावाची कागदी चिठ्ठी द्यायची असते आणि तिच्यावर नाव, पत्ता, वय लिहायचे असते. म्हणजे अनामिक राहण्याचा बेतही इथेच संपला. नवख्याची चिठ्ठी पांढरी. शंभर फेऱ्या पुऱ्या करणाऱ्याची जरीची, आणि ती मिळाली तर लोक ताईत म्हणून जपून ठेवतात. तेव्हा जरीवाला भेटला तर ओळख टाळण्याचा नियम तेवढ्यापुरता गुंडाळून ठेवण्यास हरकत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग मोटारीचा. तेविसाव्या आणि चोविसाव्या देवळांमध्ये सुमारे ७५ किलोमीटर रस्ता आहे, बराचसा समुद्राला लागून. अशा ठिकाणी पावसात गाडी थांबते आणि दार उघडते. बसावे तर पायी जाण्याचा नेम मोडतो, न बसावे तर दान नाकारल्यासारखे होते. अशा वेळी पायी जायचा नेम असल्याचे सांगून कमरेत वाकावे. बहुधा भागते. मग खिडकीतून चहाची बाटली बाहेर आली, तर ती मुकाट्याने घ्यावी.

अनोळखी माणसाला झिडकारण्याचा मोह झालाच, तर एमोन साबुरोची दंतकथा आठवावी. या धनिकाने दारी आलेल्या भिक्षूला हाकलले आणि त्याचे भिक्षापात्र फोडले. मग त्याचे आठ मुलगे एकामागोमाग गेले. तो भिक्षू म्हणजे कोबो दाइशी, हे कळल्यावर साबुरो त्यांना शोधत बेटाभोवती वीस वेळा फिरला. भेट झाली नाही. एकविसाव्या खेपेला तो उलटा निघाला, तेव्हा बाराव्या देवळाजवळ ते समोर आले.

हातातली काठी म्हणजे साक्षात दाइशीच मानतात, त्यामुळे कागदोपत्री यात्रेकरू कधी एकटा नसतोच. मुक्कामी पोचल्यावर आधी काठीचे टोक धुवावे, मग स्वतःचे पाय. पुलावर काठी टेकू नये. दाइशींनी एकदा थंडीत पुलाखाली रात्र काढली होती म्हणे, झोपमोड नको.

एवढे करूनही एकांत साधला नाही, तर काही जण साबुरोप्रमाणे उलट प्रदक्षिणेचा विचार करतात. लीप वर्षात ती विशेष फलदायी समजतात. मात्र खुणेचे बाण बहुतांशी सुलट चालणाऱ्यांसाठी लावलेले असतात. उलट जाणारा दर फाट्यावर चुकतो, रस्ता विचारायला माणूस शोधतो, आणि त्या माणसाच्या घरी संत्री असतात. पुढचे लीप वर्ष २०२८.