तत्त्वतः हो

बंगळुरूच्या कोरमंगलात नकार मिळत नाही. बाकी सगळं घरपोच मिळतं. 2007 साली इथल्याच एका फ्लॅटमधून पुस्तकं विकत फ्लिपकार्ट उभी राहिली, 2014 मध्ये इथूनच स्विगीवाले हॉटेलातलं जेवण दारात पोचवू लागले. तेव्हापासून या आठ ब्लॉकांत लोकांच्या इच्छा पुरवायचा धंदा असा फोफावला की अनिच्छा दाखवणं म्हणजे धंद्याच्या मुळावर येणं झालं. पण माणूस आहे, त्याला काम नकोसं वाटणारच. मग ही अनिच्छा ठेवायची कुठे? इंग्रजीत.

इंग्रजीत त्यासाठी जागा भरपूर. 'अनविलिंग' म्हणजे सरळ नाखूश. हा शब्द कोरमंगलात फक्त वकिलाच्या नोटिशीत दिसतो. 'रिलक्टंट' म्हणजे करणार, पण कुरकुरत. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ झुंजणं, कुस्ती धरणं. इथे ही कुस्ती मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून खेळतात. 'हेझिटंट'च्या मुळाशी अडकून पडणं आहे, म्हणजे संध्याकाळी सात वाजता सोनी वर्ल्ड सिग्नलला सगळेच हेझिटंट. 'अवर्स' म्हणजे तोंड फिरवलेला. तो एकटा सहसा येत नाही, 'रिस्क'चा हात धरून येतो. आणि 'लोथ' हा सगळ्यांत घरंदाज: मनापासून नको आहे, पण सांगताना जीव तुटतोय, असा त्याचा आव. मेलमध्ये त्याच्या शेपटीला चुकून एक 'ई' जास्त लागली, की उच्चार 'लोद' होतो आणि अनिच्छेची थेट घृणा होते. कॉर्पोरेट पत्रव्यवहारात प्रामाणिकपणाला एवढी एकच फट उरली आहे, स्पेलिंगच्या चुकीची.

पण हे झाले पेन्शनीत निघालेले शब्द. चालू बाजारातला माल वेगळा. 'बँडविड्थ नाही' म्हणजे वेळ आहे, तुमच्यासाठी नाही. 'हे ऑफलाइन घेऊ' म्हणजे चारचौघांत तुम्हाला तोंडघशी पाडत नाही, उपकार माना. 'सर्कल बॅक करतो' हे वर्तुळाला टोक नसतं हे नीट माहीत असलेला माणूसच म्हणतो. 'पार्किंग लॉटमध्ये ठेवू' हा त्यातला विनोदी भाग. ज्या कोरमंगलात स्कूटर लावायला जागा नाही, तिथे दुसऱ्याच्या कल्पनेला मात्र कायमचं फुकट पार्किंग.

राहिलं 'रोडमॅपवर आहे'. याचा अर्थ समजून घ्यायचा तर एजिपुरा फ्लायओव्हरचे खांब पाहावेत. लांबी जेमतेम अडीच किलोमीटर. काम सुरू झालं 2017 मध्ये, रखडत रखडत 2022 मध्ये कंत्राट रद्द झालं, 2023 मध्ये नवा ठेकेदार आला. एवढ्या काळात या पुलाला कोणीही 'नाही' म्हटलेलं नाही. फक्त पुढची तारीख दिली.

अशा गावात साताऱ्याकडचा एक तरुण इंजिनियर नोकरीला लागला. साहेबांनी विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल का?" तो म्हणाला, "नाही होणार सर. पुढच्या बुधवारी देतो." आणि बुधवारी दिलंही. वर्षअखेरीच्या अ‍ॅप्रेझलमध्ये शेरा आला: काम उत्तम, स्टेकहोल्डर मॅनेजमेंटमध्ये सुधारणा हवी. त्याच्या शेजारच्याने त्याच प्रश्नाला "अ‍ॅब्सोल्यूटली, लेट मी एक्सप्लोअर" असं उत्तर दिलं होतं. त्याचं एक्सप्लोअर अजून चालू आहे आणि तो टीम लीड आहे.

अ‍ॅमेझॉनच्या तत्त्वांमध्ये 'डिसअ‍ॅग्री अँड कमिट' असं एक आहे. जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या 2016 सालच्या पत्रात त्याचं कौतुकही केलं. हरकत असेल तर तोंडावर घ्या, निर्णय झाला की जीव ओतून कामाला लागा, असा त्याचा भाव. कोरमंगलाने हे तत्त्व मनापासून स्वीकारलं, फक्त क्रम बदलला. मीटिंगमध्ये सगळे कमिट करतात आणि नंतर खाली कॉफीच्या टेबलावर डिसअ‍ॅग्री करतात.

गुंतवणूकदारांचं शास्त्र याहून पुढचं. "तुमची टीम फार आवडली, आमच्यासाठी जरा लवकर होतंय, कळवत राहा." यात नकार कुठे आहे ते शोधून दाखवा. बरं, त्यांचंही बरोबर आहे. साफ नाही म्हटलं आणि उद्या हीच कंपनी अब्ज डॉलरची झाली तर? म्हणून दार उघडं ठेवायचं, आत मात्र घ्यायचं नाही. उंबऱ्यावरचा स्टार्टअपवाला पोरगा दर महिन्याला इमानेइतबारे कळवत राहतो. घरमालकांना एवढं इंग्रजी लागत नाही. 'फॅमिली प्रेफर्ड' या दोन शब्दांत ते अख्खी अविवाहित पिढी रस्त्यावर आणतात. आणि दहा महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट घ्यायच्या जुन्या रिवाजात जो मुरला, त्याची ते परत देतानाची अनिच्छा तर शब्दांच्याही पलीकडची.

मराठी माणसाने या सगळ्याला नाकं मुरडू नयेत. आपण यात आद्य आहोत. 'शासन सकारात्मक आहे' आणि 'तत्त्वतः मान्यता' हे वाक्प्रचार मंत्रालयातून निघतात, कोरमंगलातून नव्हे. आणि आपल्या आज्या? मुलगा आवडला नाही, हुंडा परवडत नाही, घर आवडलं नाही, काहीही असो, निरोप एकच: पत्रिका जुळत नाही. कोणाचा अपमान नाही, कोणाचा दोष नाही, सगळं शनी-मंगळावर. आज कोरमंगलात लाखांनी पगार घेणारी मंडळी 'वी आर नॉट अलाइन्ड' म्हणतात, तेव्हा ती दुसरं काय सांगतात? ग्रह तेच, फक्त आता पीपीटीत बसलेत.

या सगळ्यात एकच सच्चा माणूस होता: रिक्षावाला. ऐंशी फुटी रस्त्यावर हात करावा, मडिवाळा म्हणावं, आणि त्याने मान न वळवता "बरल्ल" म्हणावं. येणार नाही. कारण नाही, दिलगिरी नाही. राग यायचा, पण काम एका सेकंदात संपायचं आणि माणूस पुढच्या रिक्षाला हात करायला मोकळा. साफ नकाराची हीच तर किंमत असते. तो ऐकणाऱ्याचा दिवस वाचवतो.

आता तोही अ‍ॅपवर आला. आता तो "बरल्ल" म्हणत नाही. तुमची फेरी आनंदाने स्वीकारतो, आणि नकाशावर जिथे आहे तिथेच बसून राहतो. तीन मिनिटं, सात मिनिटं, अकरा मिनिटं. फोन उचलत नाही. त्याला ठाऊक असतं की शेवटी कंटाळून तुम्हीच रद्द करणार, नाही म्हटल्याचं पाप तुमच्या माथी येणार आणि जमलं तर रद्द केल्याचा भुर्दंडही तुम्हालाच. नकार समोरच्याकडून वदवून घ्यायचा, ही कला आठही ब्लॉकांतल्या साहेबांना शिकायला एमबीएची दोन वर्षं लागली. याने फुकटात शिकून घेतली. त्याला आता खाकी शर्टात ठेवणं बरं नाही, सरळ प्रॉडक्ट मॅनेजर करावं. तत्त्वतः हरकत कोणाचीच नसेल.