संकष्टीचा जिताडा

एप्रिल-मे महिन्यांत पनवेलच्या खाडीपुलावर संध्याकाळी कठड्याला रेलून उभे असतात ते गळवाले काका. कुठल्याही खाडीकाठी अशी एकदोन माणसं सापडतात. आमच्याकडे जरा जास्त, कारण पेन्शनीत परवडेल एवढाच समुद्र पनवेलपर्यंत येतो.

डोक्याला टोपी, हातात मुलानं परदेशातून धाडलेला रॉड, आणि पायाशी रंगाच्या रिकाम्या बादलीत जिवंत कोलंबी. तिचा जीव गुदमरू नये म्हणून बॅटरीवरचा छोटा पंप अखंड बुडबुडे सोडत असतो. चाऱ्याची ही कोलंबी निवडताना काका बाजारात इतके चोखंदळ असतात, की घरच्या कालवणाला आणतानाही त्यांनी एवढी पारख कधी केली नाही, असं काकूंचं म्हणणं आहे.

"काय काका, लागतंय का काही?" एवढं विचारावं, की खाडीचं बुलेटिन सुरू. उन्हाळ्यात गाढीचं गोडं पाणी येत नाही, म्हणून खाडी वरपर्यंत खारट. दुपारी उथळ पाणी तापतं, तेव्हा मासा खोलात बसतो. जिताडा पुलाच्या खांबाआड दबा धरून असतो, पाणी फिरलं की तोंड उघडतो. तांब खडकाला, बोय काठाला. उधाणाला पाणी गढूळ, भांगाला पाण्याला ओढ नाही. राहता राहिले मधले दोन दिवस, आणि त्या दोन्ही दिवशी नेमका पश्चिमेचा वारा सुटतो. वारा नसला, तर विमानतळ आहेच. विमान उतरताना जिताडा तळाला जातो, ही काकांची अलीकडची भर.

यातलं बरंचसं शास्त्र खरं आहे, हीच पंचाईत. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, हेही ते सांगतात. तेव्हा ऐकणारा संशयानं काकांकडेच पाहतो. पण तेही खरंच आहे.

गळाला मात्र शिंगटी येते. तिचा काटा लागला तर हात रात्रभर ठणकतो, म्हणून काका तिला पकडीनं सोडवतात आणि हिशेबात धरत नाहीत. दोरीला जड लागलं तर चिंबोरी कोलंबी कुरतडत असते. तेवढ्यात खाली कोळीवाड्यातलं पोरगं गुडघाभर चिखलात उभं राहून पाग फेकतं, पाचसहा बोय काढतं आणि वर ओरडतं, "काका, काय गावलं का?"

"पाग टाकून कुणीही धरेल," काका आमच्याकडे वळून म्हणतात.

घरात भिंतीवरच्या एकाच कालनिर्णयावर दोन हस्ताक्षरं आहेत. देहरंग धरण आटलं की पनवेलचे नळ दिवसाआड येतात. ते वार काकूंनी लाल पेनानं लिहिलेले. काकांची निळी आकडेमोड भरतीची: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ.

आता गंमत अशी, की काकांना आजवर लागलेले सगळे मोठे जिताडे नेमके उपासाच्या दिवशीच लागले. पाच किलोचा संकष्टीला, त्याहून मोठा एकादशीला, आणि एक तर भर गुरुवारी. घरात त्या दिवशी मासा शिजत नाही, म्हणून काकांनी ते हात जोडून परत पाण्यात सोडले. फोटो? उपासाच्या दिवशी कसले फोटो काढता!

मे संपत आला की काकांची घाई वाढते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद. पुलावरच्या गळाला हा नियम लागू नाही, पण काका तो कडक पाळतात. "सरकारनं सांगितलंय, माशांचा विणीचा काळ आहे."

"मग बंदी उठल्यावर?" मी विचारलं.

"तेव्हा बघ! पावसाचं पाणी उतरलेलं असतं, जिताडा नुसता उड्या मारतो."

"तेव्हा श्रावण असतो," काकू आतून म्हणाल्या. "महिनाभर रोज एक सोडतील."