सातबारा म्हणजे बारा जुलै

एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत ७/१२ टाइप करून एंटर दाबावं. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल, तर चौकटीत १२ जुलै उमटते. भारतीय असेल, तर ७ डिसेंबर. दोन्ही प्रकारांत जमीन जाते आणि तारीख हाती येते. जमिनीच्या वादात कोर्टाकडून तारीख मिळवायला पिढी खर्ची पडते. इथे ती वकिलाशिवाय, एका बोटावर.

सातबाऱ्याच्या पाठोपाठ आठ-अ असतोच. तो इंग्रजी आकड्यात, मध्ये जागा सोडून, इंग्रजी ए लावून टाइप केला की सकाळचे आठ वाजतात. गट नंबर २/४५ लिहिला, तर पंचेचाळिसावा दिवस कुठल्याच महिन्यात नसल्याने एक्सेल थोडा विचार करतो आणि फेब्रुवारी १९४५ असा निकाल देतो. दोन आकडी वर्ष तीस किंवा त्याहून मोठं असलं की ते गेल्या शतकातलं, हा त्याचा घरचा कायदा. शेतकऱ्याचे वीस गुंठे थेट दुसऱ्या महायुद्धात जाऊन पडतात. ऑपरेटर घाबरून चौकटीचा प्रकार ‘जनरल’ करतो, तेव्हा तिथे १६४६९ दिसू लागतं. हा नवा गट नंबर नव्हे. १ जानेवारी १९००ला पहिला दिवस धरून केलेली ती मोजणी आहे.

त्या मोजणीत एक दिवस बनावट आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण एक्सेलच्या दप्तरी २९ फेब्रुवारी १९०० रीतसर नोंदलेला आहे. ही चूक मूळची लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रामची. त्याच्या फायली आपल्याकडे बिनतक्रार चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने चुकीसकट वारसनोंद केली. आता हा बोजा उतरवायचा, तर जगभरच्या शीटमधल्या तारखा एकेक दिवस सरकतील. म्हणून तो तसाच चढलेला आहे.

जुने ऑपरेटर यावर एकच उतारा जाणतात: आकड्याच्या आधी एक अवतरणचिन्ह ठोकायचं, म्हणजे एक्सेल मुकाट्याने लिहिलं तसं ठेवतो. शास्त्रज्ञांना मात्र एवढं साधं काही रुचलं नसावं. मार्च१ आणि सेप्ट२ या नावांची मानवी जनुकं होती. एक्सेलने त्यांच्या १ मार्च आणि २ सप्टेंबर अशा तारखा केल्या. २०१६मध्ये ‘जीनोम बायोलॉजी’त आलेल्या पाहणीनुसार, एक्सेलमधली जनुकयादी जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्शात असले घोटाळे होते. अखेर २०२०मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने शरणागती पत्करली. मार्च१चं मार्चएफ१ झालं, सेप्ट२चं सेप्टिन२. मायक्रोसॉफ्टला जाग आली २०२३मध्ये. असलं रूपांतर बंद करण्याची सोय तेव्हा मिळाली, तीही अक्षर आणि आकडा जोडून लिहिलेल्या नावांसाठी. या पायंड्यावर महसूल खात्याने सातबाऱ्याचं नाव बदलण्याचा प्रस्ताव मांडायला हरकत नाही. समिती नेमता येईल. समितीला तारखाही मिळतील.

जी खरोखरच तारीख आहे, तिची अवस्था आणखी बिकट. पुण्यातून पाठवलेल्या यादीत ०५/०४/२०२५ असं लिहिलं आहे. ती अमेरिकन मांडणीच्या संगणकावर उघडली की पाच एप्रिलला रुजू झालेला माणूस चार मे रोजी रुजू होतो. तेरा एप्रिलवाल्याचं मात्र यंत्राला काही कळत नाही, कारण तेरावा महिना त्याच्याकडे नाही. म्हणून त्याची तारीख नुसता मजकूर बनून चौकटीच्या डाव्या कडेला चिकटते आणि बाकीच्या उजवीकडे दिमाखात उभ्या राहतात. गंमत अशी की डावीकडच्या तारखा बिघडलेल्या वाटतात, पण शाबूत त्याच असतात.

हिशेब करून पाहता येतो. दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आतले, अशा तारखा वर्षात १४४. त्यांतल्या १/१, २/२ अशा बारा कशाही वाचल्या तरी त्याच. उरतात १३२ तारखा, ज्यांचे दोन अर्थ होतात. म्हणजे वर्षातला तिसरा हिस्सा आणि वर थोडा. ज्या प्रोग्रामरने चाचणीसाठी नमुना म्हणून १/१/२००० टाकली, त्याचा प्रोग्राम साहजिकच विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण.

अमेरिकेला दोष देणं सोपं आहे, पण तिथेही एकमत नाही. त्यांचा स्वातंत्र्यदिन ‘फोर्थ ऑफ जुलै’, म्हणजे दिवस आधी. त्यांच्या पासपोर्टवर दिवस आधी. त्यांचं सैन्यही दिवस आधी लिहितं. राहिले ते कार्यालयातले संगणक, आणि नेमके तेच जगभर निर्यात झाले.

सर्वांना मान्य व्हावी अशी तारीख कागदावर १९८८पासून आहे. आयएसओ ८६०१ या मानकानुसार आधी चार आकडी वर्ष, मग महिना, मग दिवस. चीन, जपान, कोरिया, हंगेरी यांना वर्ष आधी लिहिण्याची सवय होतीच. बाकीच्यांनी मानकाचा आदर केला आणि आपापल्या पद्धतीने लिहिणं चालू ठेवलं. जावास्क्रिप्टमध्ये अशी तारीख झटपट छापायची, तर प्रोग्रामर मंडळींची एक युक्ती आहे: प्रदेश म्हणून स्वीडन सांगायचा. स्वीडिश लोक तारीख तशीच लिहितात. त्यामुळे हिंजवडीत बसून, डब्यातली मटकीची उसळ खाता खाता, कितीतरी माणसं दिवसातून दोनदा स्वीडनची नागरिक होतात. व्हिसा लागत नाही.

तारखेचा साचा लिहिण्याची अक्षरं हा वेगळाच अध्याय आहे. जावामध्ये कॅपिटल एम म्हणजे महिना आणि स्मॉल एम म्हणजे मिनिट. दोन्हींची गल्लत झाली की पावतीवर २६/४७/२०२५ अशी तारीख छापली जाते, आणि सत्तेचाळिसावा महिना उजाडेपर्यंत ग्राहकाला परतावा मिळत नाही. वर्षासाठी स्मॉल वाय चालतो. कॅपिटल वाय आठवड्याच्या हिशेबाचं वर्ष देतो. हे दोघे वर्षभर गुण्यागोविंदाने एकच उत्तर देतात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फारकत घेतात. २९ डिसेंबर २०१४ रोजी ट्विटरचे सर्व्हर तारीख २९ डिसेंबर २०१५ सांगू लागले आणि अँड्रॉइडवरचे अनेक लोक खात्याबाहेर फेकले गेले. तो कॅपिटल वायचाच पराक्रम मानला जातो. एक अक्षर मोठं झालं आणि वर्ष फुकट मिळालं!

थायलंडचा प्रदेश निवडला तर वर्षात ५४३ मिळवले जातात, कारण तिथे बुद्धाचा शक चालतो: २०२५चं २५६८. तेव्हा स्वीडनऐवजी चुकून थायलंड निवडणाऱ्याने निवृत्तीचे कागद तयार ठेवावेत.

मराठीची सोय कोणी केलीच नाही, असं म्हणता येणार नाही. युनिकोड संस्थेच्या सामायिक भांडारात प्रत्येक भाषेच्या तारखांचे नियम साठवलेले आहेत. हिंदीला तिथे इंग्रजी आकडे लावले आहेत, मराठीला न विचारता देवनागरी. हा मान पाहून ऊर भरून यावा. ब्राउझरला मराठीत तारीख छाप म्हटलं की तो २६/१/२०२५ असं सुरेख देवनागरीत छापतो. मग त्यालाच तोच मजकूर परत वाचायला दिला, तर ही तारीखच नाही असं सांगतो. डॉक्टरांना स्वतःचंच प्रिस्क्रिप्शन वाचता येऊ नये, तसला प्रकार. आकडे इंग्रजी करून दिले तरी त्याला सव्विसावा महिना सापडत नाही. ५/४ दिलं तर लगेच वाचतो: चार मे.

याच भांडारात भारताची राष्ट्रीय दिनदर्शिकाही आहे. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून ती २२ मार्च १९५७ला, म्हणजे १ चैत्र १८७९ला, लागू झाली. राजपत्राच्या माथ्यावर ती छापली जाते, आकाशवाणीवर ऐकू येते, आणि ब्राउझर मागितल्यास ती बिनचूक दाखवतो. तिचा चैत्र सूर्यावर चालतो, दरवर्षी २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ला सुरू होतो. पाडव्याचा चैत्र चंद्रावर. २०२५मध्ये गुढी उभारली गेली ३० मार्चला, आणि त्या सकाळी संगणकाला राष्ट्रीय तारीख विचारली असती, तर त्याने ९ चैत्र १९४७ असं सांगितलं असतं. शक बरोबर, महिना बरोबर. फक्त कडुनिंब आठ दिवस उशिरा खाल्ला गेला.