रुपयाचे पुन्हा सोळा आणे करा

रुपयाचे पुन्हा सोळा आणे करावेत, अशी आमची सरकारदरबारी नम्र विनंती आहे. जुन्या काळाचं प्रेम वगैरे काही नाही. विनंती संगणकाच्या वतीने आहे. त्या बिचाऱ्याला पैसे कळत नाहीत.

खोटं वाटत असेल तर एक्सेलला विचारा, ४.१ वजा ४ बरोबर ०.१ का? चार रुपये दहा पैशांतून चार रुपये गेले, दहा पैसे उरले. चौथीतलं पोर सांगेल. एक्सेल छातीठोकपणे ‘फॉल्स’ म्हणतं. त्याच्या लेखी दशांश चिन्हापुढे एक शून्य, मग ओळीने चौदा नऊ आणि शेपटाला सहा एवढीच शिल्लक आहे.

दोष त्याचा नाही. त्याचं सगळं शिक्षण निमकी-पावकीत झालेलं. अर्धा, पाव, आदपाव, एक सोळांश असे दोनाने पाडलेले तुकडे तो बिनचूक सांभाळतो. एक दशांश मात्र त्याला पुरता लिहिताच येत नाही. आपण एक तृतीयांश लिहायला बसलो की तिनांची रांग संपत नाही, तसंच. मग तो रांग कुठेतरी तोडतो. कुठे तोडायची याचा नियम १९८५ साली ठरला आणि त्यामागचे गणिती विल्यम काहान यांना १९८९चा ट्युरिंग पुरस्कारही मिळाला. त्याआधी प्रत्येक कंपनीचं यंत्र आपापल्या पद्धतीने चुकत असे. आता सगळी शिस्तीत, एकसारखी चुकतात.

आता आपल्या जुन्या रुपयाकडे पाहा. सोळा आणे, चौसष्ट पैसे. दोनाचे दुप्पट करत गेलं की चौसष्ट येतातच. संगणकासाठी याहून सोयीचं नाणं टाकसाळीत निघालं नसतं. (आण्यात बारा पै होत्या, हे आम्हाला ठाऊक आहे. तिथे तीन आडवा येतो. म्हणून मागणीत पै नाही.) चार रुपये एक आण्यातून चार रुपये वजा करा, एक आणा उरतो, चौदा नऊ वगैरे भानगड नाही. आणि नेमकं संगणकाचं युग दाराशी आलेलं असताना आपण रुपयाचे शंभर नवे पैसे केले. तारीख होती १ एप्रिल १९५७. तारखेवरून तरी कोणाला शंका यायला हवी होती.

एक ते नव्याण्णव पैशांपैकी यंत्राला अचूक कळणाऱ्या रकमा तीनच: २५, ५० आणि ७५. त्यातलं पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ रोजी चलनातून गेलं. पन्नास पैसे कायद्याने चालतात, वाण्याकडे चालत नाहीत.

याची फळं भोगतात ते सोसायट्यांचे खजिनदार. जमेची बेरीज आणि बँकेच्या पासबुकाची बेरीज डोळ्यांना पैशापर्यंत सारखी दिसते, शेजारच्या रकान्यात मात्र ‘जुळत नाही’ असा लाल शेरा. फरक किती? ०.००. कधी कधी तर उणे ०.००. लेखापरीक्षक निवृत्त सरकारी अधिकारी असले तर ते पेन्सिलीने लिहितात, ‘फरकाचा खुलासा करावा.’ खजिनदार दोन रविवार पावत्या चाळतात. शून्य रुपये शून्य पैशांचा अपहार सिद्ध करणं कठीण आणि नाकारणं त्याहून कठीण. समितीत विरोधी गट असेल तर विचारायलाच नको.

एक्सेलची खरी लबाडी ही. पोटात एक, ओठावर दुसरं. दोन दशांश दाखवा म्हटलं की नीटनेटका आकडा दाखवतं, आत शेपूट तसंच ठेवतं आणि तुलना करताना ते शेपूट बाहेर काढतं. हा दोष फक्त सोसायटीत घडतो असं नाही. ५ एप्रिल १९९२ रोजी जर्मनीत श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांताची निवडणूक झाली. विधानसभेत शिरायला पाच टक्के मतं लागतात. निकालाच्या तक्त्यात हरित पक्षापुढे ५.० छापून आलं. पुढे कोणीतरी आतला आकडा पाहिला, तो निघाला ४.९७. तक्ता दशांशाचं एकच घर दाखवत होता. पक्षाच्या जागा गेल्या. व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने तर १९८२ साली १००० वर सुरू केलेला निर्देशांक प्रत्येक वेळी तीन दशांशांपुढचं शेपूट छाटत मोजला. बाजार बरा चालू असताना १९८३च्या नोव्हेंबरात निर्देशांक ५२४च्या आसपास आला होता. नीट मोजल्यावर तो १०९८ भरला.

आपलं सरकार या बाबतीत सुज्ञ आहे. जीएसटीचा कायदा कर जवळच्या रुपयात घ्या म्हणतो. एकूण उत्पन्न जवळच्या दहा रुपयांत धरण्याची सोय आयकराच्या १९६१च्या कायद्यातच होती. दहा रुपयांखालचं सत्य त्याला नको होतं.

जाणकार सांगतात, उपाय सोपा आहे. ‘बरोबर’ विचारू नका. फरक अर्ध्या पैशाहून कमी आहे का ते विचारा. किंवा बेरजेला आधी ‘राउंड’ लावा, मग तुलना करा. एका खजिनदारांनी वेगळाच मार्ग धरला. लिफ्टच्या दुरुस्तीचे एक लाख रुपये चोवीस सदनिकांत वाटले, प्रत्येकी ४,१६६ रुपये ६७ पैसे, राउंड करून. शेरा हिरवा झाला. सगळ्यांनी पैसे भरले आणि जमा झाले एक लाख रुपये आठ पैसे.

हे आठ पैसे कोणाचे, हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आहे. यंदा गणसंख्येची चिंता नाही.