आगाऊपणाची शिकवणी

माझ्याकडे येणाऱ्या मुली फार चांगल्या वळणाच्या असतात, आणि माझी मुख्य अडचण तीच आहे. मुलगेही तसेच. लातूर, नांदेड, सांगली, कोट्टायम, कुठूनही जीएनएम नाहीतर बीएस्सी नर्सिंग करून येवोत. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, सारखं विचारून कुणाला त्रास द्यायचा नाही आणि समजलं नाही तरी मान डोलवायची, एवढं सगळे घरून पक्कं करून आलेले असतात. पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी नर्स एज्युकेटर आहे. नव्या स्टाफचं इंडक्शन माझ्याकडे. कागदोपत्री मी त्यांना पेशंट सेफ्टी शिकवते. प्रत्यक्षात पगार घेऊन आगाऊपणा शिकवते.

सुरुवात नावापासून. औषध देण्याआधी पेशंटची ओळख दोन खुणांनी पटवायची: पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. बेड नंबर चालत नाही, कारण पेशंट हलतात आणि बेड तिथंच राहतात. शिवाय "तुम्ही पाटील ना?" असं विचारायचं नाही. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो, आणि आमच्या वॉर्डात कुठल्याही दिवशी दोन-तीन जण खरोखरच पाटील असतात. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असंच म्हणायचं. वर्गात हे सगळ्यांना पटतं. वॉर्डात मात्र एक आजी भेटतात, ज्यांनी उभ्या जन्मात उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. "सुमन... पुढचं काय ते, हे बाहेर बसलेत ना, त्यांना विचार की गं." मुलगी धर्मसंकटात. आजींना नाव घ्यायला लावावं तर आगाऊपणा, न विचारता गोळी द्यावी तर निष्काळजीपणा. मनगटावरचा पट्टा अशा वेळी कामाला येतो. पण तो बघायला आजींची शाल बाजूला करावी लागते आणि त्यावरूनही चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. दुपारी पुन्हा नाव विचारलं की आजींचा मुलगा उखडतो, "सकाळपासून किती वेळा? लिहून ठेवत नाही का तुम्ही?" ठेवतो. लिहिलेलं आणि माणूस एकच आहेत ना, तेच तर बघायचं असतं.

या विषयातली माझी आजवरची सर्वोत्तम विद्यार्थिनी केरळची. तिला मराठीत आज्ञार्थाखेरीज काहीच येत नव्हतं. "आजोबा, उठ. हात दे. नाव बोल." निवृत्त मुख्याध्यापकसुद्धा निमूटपणे नाव बोलत. तिचं मराठी सुधारायचा मोह मी आवरला.

सीपीआरच्या तासाला हा चांगुलपणा जिवावरच उठतो. आमचा पुतळा कमरेपर्यंतच आहे. आधीच्या कुठल्याशा बॅचनं त्याचं नाव 'भाऊ' ठेवलं. भाऊ कोसळले आहेत. पहिलं काम, दोन्ही खांदे थोपटून मोठ्यानं हाक मारायची. लातूरची एक मुलगी वाकली आणि चहा गार होतोय म्हणून उठवावं तशी म्हणाली, "काका... ओ काका..." मग मदतीसाठी ओरडायचं, कोड ब्लू पुकारायला सांगायचं. तर तिनं मला हळूच आठवण करून दिली, की शेजारी मीटिंग चालू आहे. छाती दाबायची ती पाच-सहा सेंटीमीटर, मिनिटाला १०० ते १२० वेळा. भाऊंना लागेल म्हणून सगळे दोन सेंटीमीटरवर थांबतात. एकदा ढोल-ताशा पथकातला एक ब्रदर लाभला. ठेका पहिल्याच फेरीत जमला. पण पथकाची सवय. शेवटाकडे तो वेग वाढवत गेला आणि छातीला वर यायला फुरसतच मिळेना. भाऊंचं विसर्जन झालं.

फोनवरच्या ऑर्डरींचा तास मला स्वतःला फार आवडतो, कारण पहाटे तीनला झोपेतून उठवलेल्या डॉक्टरांचं काम त्यात मी करते. नियम असा: फोनवर सांगितलेलं लिहायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. फिफ्टीन आणि फिफ्टी त्या वेळी सारखेच ऐकू येतात, म्हणून "वन फाईव्ह, की फाईव्ह झीरो?" असं आकडा फोडून विचारायचं. मी जांभई देते, औषधाचं नाव अर्धं गिळते आणि "कळलं ना?" म्हणून खेकसते. पलीकडून "येस सर, सॉरी सर, गुड नाईट सर," आणि फोन बंद. काय कळलं, असं विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, सर चिडले होते."

पण खरी कसोटी हातांची. जागतिक आरोग्य संघटनेनं हात स्वच्छ करायच्या पाच वेळा ठरवून दिल्या आहेत. दोन आधीच्या, तीन नंतरच्या. नंतरच्या तीन लोक पाळतात, कारण त्यात स्वतःचा जीव असतो. आधीच्या दोनांत फक्त पेशंटचा. मी क्लिपबोर्ड घेऊन वॉर्डात शिरले, की अख्खा वॉर्ड एकदम हात चोळू लागतो. म्हणून हल्ली मी जेवणाचा डबा घेऊन जाते. पण राउंडला आलेले मोठे डॉक्टर हात न चोळताच पेशंटकडे वळले तर? त्यांना थांबवायचं, असं मी म्हटलं की वर्गात शांतता पसरते. "मॅडम... सरांना?"

इथे मी व्हिएन्नाच्या डॉ. इग्नाझ सेमेलवाईसची गोष्ट सांगते. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येऊ नका, आधी क्लोरीनच्या पाण्यात हात धुवा, असं त्यानं १८४७ साली डॉक्टरांना सांगितलं. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. आपले हात अस्वच्छ असू शकतात, हे मात्र अनेक डॉक्टरांना पचेना. त्याची नेमणूक पुढे वाढवली नाही, आणि १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. प्रेरणा मिळावी म्हणून सुरू केलेली गोष्ट इथवर येते तोवर वर्गाचे चेहरे उतरलेले असतात. मग घाईघाईनं नाईटिंगेलबाईंना आणावं लागतं. त्यांचा दिवा सगळ्यांना ठाऊक. शपथविधीला प्रत्येकीनं तो हातात धरलेला असतो. क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर, सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले हे या बाईंनी आलेख काढून दाखवलं आणि पत्रांवर पत्रं लिहून मंत्र्यांना भंडावून सोडलं, हे कुणी सांगितलेलं नसतं. शपथविधीला दिव्याबरोबर पोस्टाची पाकिटंही का वाटत नाहीत, कोण जाणे.

एवढं शिकवून उतरतं किती, याचा हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या तपासणीत पुरावा लागतो. फीडबॅक फॉर्मचे गठ्ठे माझ्याकडे आहेत. सगळ्यांवर 'व्हेरी गुड', कारण मोठ्यांना उलट बोलायचं नाही. अस्सल पुरावा मध्यंतरी हाती आला. एका ज्येष्ठ सर्जननी लेखी तक्रार केली: नवा स्टाफ उद्धट आहे, राउंडला नातेवाइकांच्या देखत "सर, हात" म्हणून माझ्यापुढे बाटली धरली, या मुलींना शिकवतं तरी कोण? चौकशी केली, तर ती 'ओ काका'वाली निघाली.

ते पत्र मी 'प्रशिक्षणाची परिणामकारकता' या फायलीत पहिल्याच पानाला लावलं. तपासणीआधी ते काढून ठेवा, असा क्वालिटी विभागाच्या मॅनेजरांचा फोन आला. मी म्हटलं, "सर, ऑर्डर तोंडी आहे, तर लिहून घेते. मग वाचून दाखवते, तुम्ही फक्त हो म्हणा." त्यांनी फोन ठेवला. ऑर्डर पूर्ण झालीच नाही, त्यामुळे पत्र अजून तिथंच आहे.