चरबीचा उतारा

वऱ्हाडात प्रकृती मोजायचं सर्वांत जुनं यंत्र म्हणजे लग्नात भेटणारी मावशी. ती मांडवाच्या दुसऱ्या टोकावरूनच माप घेते आणि तिच्या काट्यावर आकडे दोनच: "काऊन वाळला रे बाप्पा?" किंवा "तब्येत बनली हो!" मधला आकडा नाही. पहिला निकाल लागला तर काळजीपोटी आणखी दोन रोडगे, दुसरा लागला तर कौतुकापोटी आणखी दोन रोडगे. तूप दोन्हीकडे सारखंच.

या यंत्राला हल्ली एक स्पर्धक आलाय. काचेचा वजनकाटा. त्यावर अनवाणी उभं राहायचं, की मोबाइलवर वजन, चरबीचा टक्का, स्नायू, पाणी आणि वर शरीराचं 'खरं वय' असा सातबारा उतरतो. आमच्या सासुरवाडीत, म्हणजे अमरावतीला, हा काटा साळ्यानं आणला. कधी? तर 2023 च्या अधिक महिन्यात, ज्या महिन्यात जावयाला अकोल्याहून बोलावून, पाटावर बसवून, तेहतीस अनारश्यांचं वाण देतात. मुहूर्त साधणं म्हणतात ते हे.

साळा अंगानं किडकिडीत. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं. मी खात्यापित्या घरचा; आमच्या वजनात पंधरा-सोळा किलोंचा फरक सहज असेल. त्यामुळे काट्यावर आधी मला चढवण्यात आलं. चरबी 26.1 टक्के. घरात समाधानाची लाट पसरली. मग साळा ऐटीत चढला. 27.4.

"मशीन बिघडली," तो म्हणाला.

"मह्या वेळेस तर बरी होती," मी म्हणालो. सासुरवाडीला गेलं की माझी भाषाही मोकळी होते.

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पेपर बाजूला ठेवला. उभी हयात कापसाच्या व्यापारात गेलेला माणूस. "त्यात नवल काय हाय? दोन गाड्यायचं वजन सारखं भरते, पन उतारा सारखा येते काय? क्विंटलभर कापसात कोनाची पस्तीस किलो रुई निघते, कोनाची तीस. बाकी सरकी. काट्यावर काय समजते? जिनिंगमधी गेल्यावर समजते."

चरबीच्या टक्क्याबद्दल याहून सोपं मी कुठे वाचलेलं नाही. पंचाईत एवढीच, की माणसाला जिनिंगमध्ये घालता येत नाही. म्हणून अंदाज. काटा एका तळपायातून बारीकसा वीजप्रवाह सोडतो आणि दुसऱ्यातून परत घेतो. स्नायूंत पाणी भरपूर, तिथून वीज सहज जाते. चरबीत पाणी कमी, तिथे ती अडते. किती अडली त्यावरून, उंची, वय, बाई की पुरुष हे धरून, मशीन टक्का ठरवते. अंग कोरडं पडलेलं असेल तर वीज जास्त अडते आणि चरबी उगाच जास्त दिसते. म्हणजे अकोल्यात मे महिन्यात दुपारी बाजार करून आलेल्यानं या काट्याच्या वाटेला जाऊच नये. शिवाय वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. पोटाचा कारभार तिला बहुतेक ऐकूनच माहीत.

"म्हंजे ही आपली ओलावा पाहाची मशीनच," मामाजी म्हणाले, आणि त्यांचा विश्वास तिथेच उडाला. कापसात आठ टक्क्यांच्या वर ओलावा दाखवून भाव कापणारी मशीन त्यांनी जन्मभर पाहिली आहे, बहुतेक वेळा दाखवणाऱ्याच्या बाजूनं.

पण साळ्याचा आकडा मला खोटा वाटेना, आणि ते केवळ आनंदापोटी नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच जोडफोटो छापला होता. उंचीच्या हिशेबात वजन मांडणारा बीएमआय दोघांचाही 22.3. चरबी मात्र युडकिनसाहेबांची 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकरांची 21.2. मधुमेहावर संशोधन करणाऱ्या माणसानं स्वतःच्याच चरबीचा पंचनामा जगापुढे ठेवावा, याला मोठं मन लागतं. याज्ञिकांच्या चमूनं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडच्या बाळांचं 3.5. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास त्यांच्याइतकीच. म्हणजे हातपाय काटकुळे आणि पोटाशी शिल्लक, ही आपली वडिलोपार्जित इस्टेट. भारतीयांसाठी वजनाची धोक्याची रेघ 25 ऐवजी 23 च्या बीएमआयवर ओढली, ती यासाठीच.

हे ऐकून साळा शेजारच्या मुलीला बोलावून आला. ती हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कॉलेजात शिकते. अमरावतीकरांना या मंडळाचं नाव नुसतं घेतलं तरी छाती फुगवावी लागते: 1914 ची स्थापना, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी यांच्या पोरांनी तिथे देशी खेळ करून दाखवलेले. तिनं चिमटा आणला होता. दंडामागे, खांद्याच्या पात्याखाली, कमरेच्या वर कातडीची घडी उचलायची, चिमट्यात धरायची, मिलिमीटर वाचायचे. माझ्या कमरेवरची घडी उचलताना तिनं दुसऱ्या हाताची मदत घेतली; ते तिनं तोंडावर काही न दाखवता केलं, हे तिचे संस्कार. "काका, चिमटा फक्त कातडीखालचं सांगतो," ती म्हणाली. "आतड्यांभोवतीची चरबी याला घावत नाही. अन् त्रास तीच देते."

मग टेप. अमेरिकेच्या नौदलानं 1984 च्या सुमारास एक सूत्र काढलं: पुरुषाची मान, पोट आणि उंची मोजा, लॉगॅरिदममध्ये घाला, टक्का येतो. अमरावतीच्या वाट्याला समुद्र नाही, वडाळी तलाव आहे. तरी आम्ही मोजलं. मान 37, पोट 94, उंची 168. उत्तर 25.3. चिमट्यानं 23.8 म्हटलं होतं. पुरुषाला पंचविशीच्या आत राहिलेलं बरं, असं साधारण मानतात, तेव्हा मी कोणत्या यंत्राचा भक्त झालो असेन ते सांगायला नको. बायकांच्या अंगी निसर्गानंच जास्त चरबी दिलेली असते. पण सासूबाई काट्याकडे फिरकल्याच नाहीत.

साळ्याचं पोट भरलं 91. इथे पळवाट नव्हती. भारतीय पुरुषाची हद्द 90, बाईची 80, आणि टेपेत ना वीज ना ओलावा. त्याला महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर आणि त्याच टेपेनं मोजायला त्या मुलीनं सांगितलं. आकडा खरा की खोटा यावर भांडू नका, चढतो की उतरतो ते पाहा, म्हणाली. साळ्यानं ते मनावर घेतलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून जाहीर केलं, "माय, आजपासून या घरात तूप अर्धं."

सासूबाई वाढायला आल्या. त्याच्या वरणभातावरची धार अर्ध्यात तोडली आणि उरलेली माझ्या पुरणपोळीवर पालथी केली. साळा बघतच राहिला.

"अन् भाऊजीचे 94 हायत ना?"

"जवाईबुवाचं अधिक सरल्यावर पाहू," त्या म्हणाल्या.